ब्रेक सोडल्यावर

शेडचं दार उघडलं तेव्हा चारही टायर सपाट झाले होते आणि गाडी जमिनीत रुतल्यासारखी दिसत होती. मी आत बसले, दार ओढून घेतलं आणि ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला. पाय सरळ तळाला गेला. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं काळजात धस्स झालं.

गाडी 1969 ची, फियाट 1100 डी. वडिलांनी ती 1983 मध्ये जुनीच विकत घेतली आणि तेवीस वर्षं चालवली. 2006 च्या पावसाळ्यात ते एकाहत्तर वर्षांचे होते. कोल्हापूरच्या दसरा चौकाजवळ गाडी डावीकडे गेली आणि उभ्या हातगाडीला घासली. कुणाला काही लागलं नाही. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "ब्रेक सोडल्यावर गाडी डावीकडे ओढते." एका गॅरेजमध्ये चाकं उघडून ब्रेकचे शू जुळवून झाले, ब्रेक दाबून दाखवले, चांगले लागले. महिनाभराने पुन्हा तेच झालं. तेव्हा आम्ही घरच्यांनी ठरवून टाकलं की वयामुळे त्यांचा हातावर ताबा राहिलेला नाही. किल्ली मी मागितली. त्यांनी वाद घातला नाही. जुडग्यातून ती एक किल्ली सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. 2011 मध्ये ते गेले. गाडी विकू या असं कुणी म्हणालं नाही, दुरुस्त करू या असंही नाही.

2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे रस्त्यावरून निघाली. आईने ती बातमी वाचली, पेपर खाली ठेवला आणि म्हणाली, "आपली आहे की अजून." पद्मिनी हे आमच्याच गाडीचं पुढचं नाव. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटच्या परवान्यावर, 1964 पासून ही 1100 डी बनायला लागली. सत्तरच्या दशकात तिला आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' म्हणायला लागले. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आईच्या त्या एका वाक्यावर मी शेडचं कुलूप काढलं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हातात पाना धरायची सवय मला नव्हती. वडिलांच्या वेळचे मिस्त्री 2004 मध्येच गॅरेज बंद करून गावी गेले होते. आता मुलाकडे कोल्हापुरात राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, हात थरथरतात. त्यांना घरी बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, आणि खुर्ची मागितली.

"मी हात लावणार न्हाई, ताई. तुम्ही करायचं. मी हितं बसून बघतो."

मला आधी इंजिनचा आवाज ऐकायचा होता. त्यांनी ते होऊ दिलं नाही. "इंजिन चालू झालं की माणसाला दम निघत न्हाई. एक चक्कर मारून येऊ म्हणतंय. आन् थांबवणार कशानं?" म्हणून सुरुवात ब्रेकपासून झाली.

पहिला शनिवार एकाच ड्रमवर गेला. गाडी जॅकवर उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हा मिस्त्रींचा पहिला नियम. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम गंजून बसला होता. कडेने तेल सोडायचं, लाकडी हातोडीने गोल गोल ठोकायचं, थांबायचं, पुन्हा ठोकायचं. दुपारी तो सुटला आणि आतून काळी भुकटी खाली पडली. मी ती फुंकणार, तोच मिस्त्री खुर्चीतून उठले. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. त्यांच्याबरोबरच्या माणसांनी जन्मभर ती धूळ हवेच्या पाइपने उडवली होती. आम्ही पाणी शिंपडून ती भिजवली, फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

आत व्हील सिलिंडर होता. बोटाएवढा भाग. त्याच्या पोटात दोन पिस्टन, दोन रबरी वाट्या आणि मध्ये स्प्रिंग. पिस्टन जागचे हलत नव्हते. शेवटी बाहेर आले तेव्हा सिलिंडरच्या तळाशी गंजाचे खड्डे दिसले, नखाला लागतील इतके खोल. ते कशाने पडले, हे मला आधी कळेना. मग ब्रेक ऑइल पाहिलं. नवं ऑइल फिकट मधासारखं असतं. आमचं उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं होतं. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉलपासून बनतं आणि हवेतली वाफ सतत ओढून घेतं. आलेलं पाणी त्यातच मुरतं आणि आतून लोखंड खातं.

पाण्याचं दुसरं काम याहून वाईट. डॉट 3 प्रकारचं कोरडं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच हद्द 140 अंशांच्या आसपास येते. लांब उतारावर ड्रम तापतात, उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, आतलं पाणी उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते. मग पाय तळाला जातो आणि गाडी तशीच पुढे जाते. आमचं आजोळ साखरप्याकडचं. आंबा घाट उतरताना वडील गाडी खालच्या गियरवर ठेवायचे आणि ब्रेकला क्वचितच हात, म्हणजे पाय लावायचे. मागून येणारे हॉर्न वाजवायचे आणि लहानपणी मला त्या सावकाश उतरण्याचा कंटाळा यायचा. ते ड्रम थंड ठेवत होते.

पास्कलचा नियम मी दरवर्षी फळ्यावर काढते. दोन नळकांडी, एक अरुंद, एक रुंद, मध्ये द्रव. कोंडलेल्या द्रवाला एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. उदाहरण म्हणून 'वाहनांचे ब्रेक' लिहायचं आणि पुढे जायचं. फळ्यावरच्या त्या आकृतीत हवा कधीच नसते. नळी कधी गंजत नाही, रबर कधी फुगत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे आकृतीत पाय फक्त दाबतो. सोडल्यावर द्रव परत कसा येतो, हे मी एकाही वर्गाला सांगितलेलं नव्हतं.

चारही चाकं उघडून झाली तेव्हा खराब व्हील सिलिंडर घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेले. तिथल्या एका लेथवाल्याने भोक मोठं करून आत स्टेनलेस स्टीलची बाही बसवून दिली आणि मूळ मापाला आणून दिली. मोजताना त्याने तीन वेळा मोजलं. रबरी किट आणि मास्टर सिलिंडर पुण्यात नाना पेठेत मिळाले, दुसऱ्या फेरीत.

राहिले होज पाइप. गाडीच्या अंगावरून ब्रेकच्या लोखंडी नळ्या जातात, पण चाकं वरखाली होतात, पुढची वळतातही. म्हणून शेवटचा वीतभर तुकडा रबरी. आमच्या गाडीला असे तीन: पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या धुऱ्यासाठी एक. बाहेरून तिन्ही ठीक दिसत होते. मिस्त्री म्हणाले, "फुंकून बघा." मागच्यातून हवा आली. पुढच्या उजव्यातून आली. पुढच्या डाव्यातून येईना. गाल दुखेपर्यंत फुंकलं. मग मी तो होज उभा चिरला. बाहेरून अंगठ्याएवढा जाड, आणि आतलं भोक फुगलेल्या रबराने इतकं मिटलेलं की सुई जेमतेम जावी.

"पायाचा जोर मोठा असतोय," मिस्त्री म्हणाले. "त्या जोरानं ऑइल आत घुसतंय, ब्रेक लागतोय. पर परत यायला नुसता शूच्या स्प्रिंगचा जोर. तेवढ्यानं ते येत न्हाई. पाय काढला तरी चाक धरून ठेवतंय."

पुढचं डावं चाक. ब्रेक सोडल्यावर.

मी तो चिरलेला होज हातात धरून किती वेळ बसले, सांगता येणार नाही. वडिलांनी नेमका शब्द वापरला होता. ब्रेक दाबल्यावर नाही, सोडल्यावर. गॅरेजमध्ये ब्रेक दाबून पाहिले गेले, कारण सगळे दाबूनच पाहतात. आणि मी, जी मुलांना निरीक्षणाची वही लिहायला शिकवते, नेमका शब्द वापरला नाही म्हणून गुण कापते, मी तो शब्द ऐकलाच नाही. एकाहत्तर हा आकडा मला पुरेसा वाटला. मिस्त्रींना मी काही बोलले नाही. त्या दिवशी हत्यारं लवकर आवरली.

पुढची चूक सर्वस्वी माझी. नव्या रबरी वाट्या सिलिंडरमध्ये सरकेनात, म्हणून मी बोटाने थोडं इंजिन ऑइल लावलं. मिस्त्री त्या दिवशी आले नव्हते. सगळं जोडलं, चाकं बसवली, समाधानाने झोपले. आठवड्याने चाक हाताने फिरवायला गेले तर मागची दोन्ही जड. पुन्हा उघडलं. वाट्या फुगून सिलिंडरमध्ये आवळून बसल्या होत्या. ब्रेकच्या ऑइलसाठी बनवलेल्या रबराला खनिज तेलाचा थेंबही चालत नाही. रॉकेल, पेट्रोल, साधं ग्रीस, काहीच नाही. लावायचं तर ब्रेक ऑइलच लावायचं, धुवायचं तर स्पिरिटने. सगळी किट पुन्हा आणली. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कितीला लावलं होतं?" मी म्हटलं, दोन्ही मागच्यांना. ते म्हणाले, "मग चारी उघडा." पुढच्यांना लावलं नसल्याची मला खात्री होती. तरी चारही उघडली, कारण नुसत्या आठवणीवर गाडी थांबत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं.

गाडीच्या पोटाखालून दोन लोखंडी नळ्या शेजारी शेजारी जातात. बारीक ती ब्रेकची, थोडी जाड ती पेट्रोलची. एकीतून थांबवणारं जातं, दुसरीतून पळवणारं. दोन्ही एकाच क्लिपांनी धरलेल्या, एकाच चिखलाने खाल्लेल्या. मी दोन्ही बदलायच्या ठरवल्या.

ब्रेकची नळी तीन षोडशांश इंच जाडीची. मऊ तांब्याची नळी हाताने छान वाकते, दुकानात ती पुढेही केली गेली. मिस्त्रींनी परत पाठवली. तांबं गाडीच्या थरथरीने कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. पोलादी नळीच ठरली. तिचं टोक फुलासारखं उमलवून, कडा परत आत दुमडावी लागते, म्हणजे नट आवळल्यावर ती दुहेरी कडा बसकणीवर घट्ट दाबली जाते. हे काम छोट्या दाबयंत्राने हाताने होतं आणि पहिली अकरा टोकं माझ्या हातून बिघडली. काही तिरकी झाली, काहींना केसाएवढी चीर गेली. दोनदा टोक सुरेख झालं आणि मग दिसलं की नट आधी नळीत ओवायचा राहिला. बाराव्या टोकाला मिस्त्रींनी चष्मा काढून जवळून पाहिलं, बोट फिरवलं आणि नळी मला परत दिली. बोलले काहीच नाहीत. त्या दिवशी मला झालेला आनंद शाळेतल्या कुठल्याही निकालाच्या दिवशी झालेला नाही.

पेट्रोलच्या बाजूला टाकी हा मोठा प्रश्न होता. चार-एक लिटर जुनं पेट्रोल निघालं, विटकरी रंगाचं, वॉर्निशच्या वासाचं. आतून गंजाचे पापुद्रे. टाकीत साखळीचे तुकडे आणि गंज काढायचं आम्लाचं द्रावण टाकून आम्ही ती आलटून पालटून हलवली, सोड्याच्या पाण्याने धुतली, चार दिवस उन्हात वाळवली. तळाशी एक बारीक छिद्र निघालं. "दोन मिनिटांत वेल्डिंग मारून देतो" म्हणणारा एक जण भेटला. मिस्त्रींनी त्याला दारातूनच परत लावलं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी. आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळून बसलेली असते, आणि तिला एक ठिणगी पुरते. पुन्हा पुन्हा गरम पाण्याने धुऊन, वास पूर्ण गेल्यावर, आच न लावता भरणाऱ्या मिश्रणाने ते छिद्र बंद केलं.

पंपावरचं पेट्रोलही आता वडिलांच्या वेळचं नाही. 2022 च्या मध्यापर्यंत देशात 10 टक्के इथेनॉलचं मिश्रण झालं होतं, 2025 मध्ये ते 20 टक्क्यांवर गेलं. आमच्या जिल्ह्यात इथेनॉल ही दूरची गोष्ट नाही. साखर कारखान्यांच्या मळीतून, रसातून ते बनतं, आणि उसाच्या बिलाचा विषय निघाला की त्याचाही निघतो. ऊसवाल्याच्या दृष्टीने चांगलंच आहे. पण 1969 च्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली पॅकिंग यांना इथेनॉल कुठे फुगवतं, कुठे कडक करून तडकवतं. शिवाय ते पाणी ओढतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला थर सोडवतं. तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. दुकानात स्वस्त पारदर्शक पाइप मिळत होता. मी इथेनॉल सोसणारा, फ्लोरो रबराचं अस्तर असलेला महाग पाइप घेतला, पंपाचा पडदाही बदलला. हा पंप इंजिनवरच बसतो. त्याच्या जोडातून गळलेला थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर काय होईल, हे एकदा मनात आलं की पैशाचा विचार मागे पडतो.

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकापाशी. मिस्त्रींचे गुडघे दुखत होते. आई म्हणाली, "मी बसते."

आई ह्या गाडीत तेवीस वर्षं डावीकडे बसली. ड्रायव्हरच्या सीटवर ती त्या दिवशी पहिल्यांदा बसली, पदर खोचून, चपला बाहेर काढून ठेवून. मी सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. चाकामागच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव." निपल सैल. बुडबुडे. निपल बंद. "सोड."

मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरकडचं. मध्ये मध्ये बॉनेटखालच्या डब्यात ऑइल भरत राहायचं, नाहीतर वरून पुन्हा हवा शिरते. बाटलीत जमलेलं परत ओतायचं नाही. दीड तास चाललं. पुढच्या डाव्या चाकापाशी असताना आई वरून म्हणाली, "आता टणक लागतंय गं."

मी उत्तर दिलं नाही. मग तीच म्हणाली, "ते म्हणायचे, गाडी सुटत नाही. चाक धरून बसतं. मला सांगायचे."

"तू आम्हाला का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बाबांचं वय झालंय."

निपल माझ्या हातात उघडाच होता. तिने पाय सोडला नव्हता, म्हणून हवा आत गेली नाही.

त्या रात्री प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी पुढच्या उजव्या चाकाखाली रुपयाएवढा डाग. एक टोक पुन्हा केलं, पुन्हा हवा काढली. दुसऱ्या रात्री कागद कोरडा. तिसऱ्या रात्रीही कोरडा राहिला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता इंजिनाकडं बघू."

इंजिनाचं फार सांगण्यासारखं नाही. ते सातव्या-आठव्या प्रयत्नाला धरलं, धुराने शेड भरली, शेजारची मुलं धावत आली. कार्ब्युरेटर दोनदा उघडावा लागला, जेटमध्ये टाकीतला कण अडकला होता.

वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी गाडी नेली. मिस्त्री मागे, आई डावीकडे. ताशी वीसचा वेग. ब्रेक दाबला; गाडी थांबली. चाळीसचा वेग, पुन्हा थांबली, सरळ. मिस्त्रींनी उतरून चारही ड्रमना हाताची पाठ लावली, चारही सारखेच कोमट.

मग मला जे करून पाहायचं होतं, ते मी करायला लागले. वेग घेतला, ब्रेक दाबला, गाडी थांबायच्या आतच पाय काढला आणि स्टिअरिंगवरची बोटं सैल केली. गाडी सुटली. समोरच्या लिंबाच्या झाडाकडे नाक धरून सरळ जात राहिली.

आईने खिडकीची कड धरली होती. ती समोरच बघत होती.

"परत एकदा कर," ती म्हणाली.